बारमाही प्रवासासाठी ट्रॅव्हल ट्रेलर : थंडीच्या आधी ओल आवरावी लागते

चाकांवरचे_घर (धागाकर्ती)

नमस्कार. गेली सहा वर्षे आमच्याकडे साडेसहा मीटर लांबीचा, दोन ॲक्सलचा (चाकांच्या दोन आसांचा) ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचे चाकांवरचे घर, आहे. पहिली दोन वर्षे तो फक्त सुट्टीपुरता, हवा चांगली असेल तेव्हाच बाहेर निघत असे. त्यानंतरची चार वर्षे आम्ही दोघे त्यात सगळ्या ऋतूंत, दर खेपेला दोन ते सहा आठवडे राहिलो आहोत. मोठा हीटर आणि जाड पांघरुणे आणली की ट्रेलर बारमाही होतो, अशी माझी सुरुवातीची समजूत होती आणि ती चुकीची निघाली. थंडीवर उपाय सापडतात. ओलीकडे मात्र दुर्लक्ष झाले तर ट्रेलर आतून कुजत जातो आणि त्यात राहण्याचे सुखही राहत नाही. म्हणून मी सुरुवात ओलीपासून करते. बाकीच्या विषयांवर जाणकारांनी भर घालावी, ही विनंती.

पहिल्या हिवाळी प्रवासात बाहेर उणे ६ अंश सेल्सिअस तापमान होते. ऊब बाहेर जाऊ नये म्हणून आम्ही छताचे व्हेंट (हवा जाण्याची वरची झडप) घट्ट बंद केले, दाराच्या फटीत टॉवेल खोचला आणि धूर बाहेर सोडणारी नळी नसलेला एक छोटा गॅस हीटर झोपेपर्यंत चालू ठेवला. पहाटे मला जाग आली ती कपाळावर पडलेल्या पाण्याच्या थेंबाने. टॉर्च लावून पाहिले, तर छताच्या पट्टीवरील प्रत्येक स्क्रूच्या डोक्याला एकेक थेंब, अगदी ओळीने, लोंबत होता. ते स्क्रू थेट बाहेरच्या ॲल्युमिनियमच्या सांगाड्यात बसवलेले असल्याने छताचा तेवढाच भाग बर्फासारखा गार पडला होता. आठवड्याभराने गादी उचलली, तेव्हा खालच्या प्लायवर आम्हा दोघांच्या अंगाच्या आकाराचे दोन काळपट, ओले डाग उमटलेले दिसले.

हे पाणी आले कुठून, याचा हिशेब मी नंतर मांडला. प्रोपेन जळते तेव्हा त्यातील हायड्रोजनचे पाणी होते आणि १ किलो प्रोपेनमागे सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ तयार होते. हीटरचा धूर बाहेर जात नसेल तर ही सगळी वाफ आतच राहते. शिवाय कार्बन मोनॉक्साइडचा जीवघेणा धोका असतो तो वेगळाच, त्यामुळे असा हीटर लावून झोपणे तर दूरच, तो बंद ट्रेलरमध्ये लावूच नये, असे आता माझे ठाम मत आहे. श्वासातून, ओल्या कपड्यांतून आणि चुलीवरच्या उकळत्या भांड्यातून येणारी वाफ यात आणखी भर घालते. आतील हवा २० अंश तापमानाची आणि ६० टक्के आर्द्रतेची असेल, तर १२ अंशांपेक्षा गार असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर दव धरते. आर्द्रता ४५ टक्क्यांवर आणली की हीच मर्यादा सुमारे ८ अंशांपर्यंत खाली जाते. भिंतींची जाडी आपण वाढवू शकत नाही, पण हे चार अंश आपल्या हातात असतात.

त्यामुळे आम्ही सगळ्यात आधी तो हीटर काढून टाकला आणि ज्वलनासाठी बाहेरची हवा घेऊन धूर बाहेरच सोडणारा, ट्रेलरचा मूळचा गॅस फर्नेस दुरुस्त करून घेतला. छताचे व्हेंट हिवाळ्यातही दोन बोटे उघडे असते आणि खालच्या बाजूची एक खिडकीही किंचित किलकिली असते, म्हणजे दमट हवा वरून निघून जाते आणि कोरडी हवा खालून येते. गादीखालचा सलग प्लाय काढून तिथे लाकडी पट्ट्या ठोकल्या आणि त्यांवर हवा खेळती ठेवणारी जाळीदार चटई अंथरली. खिडक्यांच्या मापाचे इन्सुलेशनचे तुकडे कापून घेतले, ते रात्री लावतो आणि सकाळी काढून चौकटी पुसून घेतो. भिंतीला लागून असलेल्या कपाटांच्या दारांना वर आणि खाली भोके पाडली. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी वस्तू मात्र आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर ही ठरली, कारण आकडा डोळ्यांसमोर असला की व्हेंट किती उघडायचे हा वाद घरात उरत नाही.

उत्तररात्र

तुमचा अनुभव वाचून माझ्याही बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. दोन शंका आहेत. व्हेंट उघडे ठेवल्यावर गॅस जास्त जळत नाही का? आणि रात्रभर फर्नेस चालल्यावर बॅटरी सकाळपर्यंत टिकते का? माझी बॅटरी पहाटे चारच्या सुमारास मान टाकते आणि त्यानंतर सगळे कुडकुडत उठतात.

चाकांवरचे_घर (धागाकर्ती)

गॅस थोडा जास्त लागतो, हे खरे आहे. परंतु दमट हवेत वीस अंशांनाही अंगाला ओलसर गारठा जाणवतो, तर कोरड्या हवेत अठरा अंशही पुरतात, त्यामुळे थर्मोस्टॅट खाली ठेवता येतो आणि फरक फारसा उरत नाही.

बॅटरीचा प्रश्न बहुतेकांना याच वळणावर भेटतो. फर्नेस गॅसवर चालत असला तरी त्याचा पंखा बॅटरीवर चालतो. आमच्या फर्नेसचा पंखा सुमारे ७ अँपिअर घेतो. दहा तासांच्या रात्रीत तो निम्मा वेळ चालला, तरी ३५ अँपिअर-तास खर्च होतात. लेड-ॲसिड बॅटरी दीर्घकाळ टिकवायची असेल तर तिची निम्मीच क्षमता वापरावी लागते, म्हणजे १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीतून ५० हाती येतात, आणि थंडीत त्याहूनही कमी. दिवे, पाण्याचा पंप आणि फ्रिज यांचा खर्च धरला की तुमचे पहाटेचे चार वाजणे बरोबर जुळते.

आम्ही १०० अँपिअर-तासांच्या दोन लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या घेतल्या. प्रत्येकीत १२.८ व्होल्टच्या हिशेबाने सुमारे १,२८० वॉट-तास ऊर्जा असते, तिच्यातील बहुतेक वापरता येते आणि वजनही लेड-ॲसिडच्या निम्म्याहून कमी भरते. मात्र ही बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते. त्या तापमानात चार्ज करताना लिथियमचा धातू इलेक्ट्रोडवर साचतो आणि बॅटरीची क्षमता कायमची कमी होते. चांगल्या बॅटरीतील संरक्षक सर्किट चार्जिंग आपोआप थांबवते, पण मग सोलर पॅनेलवर ऊन असूनही बॅटरी रिकामीच राहते. यासाठी बॅटऱ्या पुढच्या उघड्या खोक्यातून काढून आत, पलंगाखाली, उबेच्या जागी आणाव्यात.

जुनी_धुरा

बॅटऱ्या हलवण्याचा विषय निघाला, म्हणून एक कळकळीची सूचना करतो. ट्रेलरमध्ये कोणतीही जड वस्तू पुढेमागे करण्यापूर्वी आणि केल्यानंतर ट्रेलर वजनकाट्यावर न्यावा. एकूण वजन, ॲक्सलवरचे वजन आणि हिचवरचे (गाडीला ट्रेलर जोडणाऱ्या सांध्यावरचे) वजन असे तिन्ही आकडे लिहून ठेवावेत. बॉलवर बसणाऱ्या हिचच्या, उत्तर अमेरिकी पद्धतीच्या ट्रेलरमध्ये भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के वजन हिचवर असावे, असा नियम सांगितला जातो. हलक्या युरोपीय कॅरॅव्हॅनसाठी हे प्रमाण साधारण ५ ते ७ टक्के असते. आपल्या ट्रेलरच्या आणि ओढणाऱ्या गाडीच्या पुस्तिकेत जी मर्यादा दिली असेल, तीच अंतिम मानावी.

हे मी जिवावर बेतलेल्या अनुभवावरून सांगतो आहे. माझा ट्रेलर भरल्यावर २,४०० किलोंचा होतो आणि हिचवर २९० किलो, म्हणजे सुमारे १२ टक्के वजन येत असे. एका हिवाळ्यापूर्वी मी जुन्या बॅटऱ्या आणि अवजारांची पेटी असे मिळून ६० किलो सामान पुढच्या कप्प्यातून मागच्या पलंगाखाली नेले, म्हणजे सहा मीटर मागे. ॲक्सलपासून हिचपर्यंतचे अंतर साडेचार मीटर. तरफेच्या हिशेबाने हिचवरचे वजन ८० किलोंनी घटले आणि जेमतेम पावणेनऊ टक्के उरले. उतारावर ताशी ९० किलोमीटरच्या वेगात शेजारून एक मोठा ट्रक गेला, त्याच्या हवेच्या झोताने ट्रेलर डुलू लागला आणि प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होत गेला. आरशात ट्रेलरची कधी डावी, कधी उजवी बाजू पूर्ण दिसत होती.

अशा वेळी पाय आपोआप ब्रेककडे जातो आणि तीच घोडचूक ठरते, कारण गाडी मंदावते आणि मागचा ट्रेलर तिला ढकलत राहतो. स्टिअरिंग सरळ धरावे, हेलकाव्यांच्या विरुद्ध वळवण्याचा प्रयत्न करू नये, ॲक्सिलरेटरवरून पाय हळूहळू काढावा आणि ब्रेक कंट्रोलर (गाडीत बसून ट्रेलरचे ब्रेक वेगळे लावण्याचे उपकरण) असेल तर हाताने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावावेत. मी तसे केले, म्हणून आज हे लिहितो आहे. वजन विभागणारे हिच आणि डोलणे रोखणारे दांडे जरूर बसवावेत, पण चुकीच्या भरणीवर ते उतारा ठरत नाहीत.

पाण्याचेही असेच आहे. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे १५० लिटरची टाकी भरली की १५० किलो वाढतात. ती टाकी ॲक्सलच्या पुढे आहे की मागे, हे प्रत्येक मालकाला ठाऊक असायला हवे.

निळी_ज्योत

धागाकर्तीच्या ओलीविषयीच्या विवेचनाशी पूर्ण सहमत आहे, परंतु फर्नेसबाबत माझे मत वेगळे आहे. मी तीन वर्षांपूर्वी डिझेल हीटर बसवला. सुरू होताना ग्लो प्लगसाठी (इंधन पेटवणाऱ्या तापत्या कांडीसाठी) तो काही मिनिटे ८ ते १० अँपिअर घेतो, नंतर मात्र १ ते २ अँपिअरवर स्थिरावतो. रात्रभरात फर्नेसच्या निम्मीही वीज लागत नाही, गॅस फक्त चुलीपुरता उरतो आणि धूर बाहेरच जातो. वीज जोडणी नसलेल्या जागी मुक्काम करणाऱ्यांनी याचा विचार अवश्य करावा.

चाकांवरचे_घर (धागाकर्ती)

तुमचा विजेचा हिशेब मला मान्य आहे. आम्हीही त्याच मोहात पडलो होतो आणि एका तंत्रज्ञाने विचारलेल्या प्रश्नामुळे थांबलो: "तुमच्या टाक्यांना ऊब कोण देते?" अनेक ट्रेलरमध्ये फर्नेसच्या गरम हवेची एक नळी जमिनीखालच्या बंदिस्त पोकळीत सोडलेली असते आणि त्या हवेमुळेच टाक्या व पाइप गोठत नाहीत. फर्नेस बंद ठेवून फक्त राहण्याची जागा डिझेल हीटरने गरम केली, तर आपण आत उबेत बसतो आणि पायाखालचे पाइप मात्र गोठतात. तुम्ही यासाठी काय व्यवस्था केली आहे, हे जाणून घ्यायला आवडेल.

निळी_ज्योत

प्रश्न रास्त आहे आणि पहिल्याच हिवाळ्यात मला त्याचे उत्तर फुटलेल्या जोडाच्या रूपाने मिळाले. आता टाक्यांच्या तळाला १२ व्होल्टचे हीटिंग पॅड चिकटवले आहेत आणि हीटरच्या गरम हवेची एक शाखा खालच्या पोकळीत नेली आहे. उणे १० च्या खाली तापमान गेले, तर मीही दर दोन तासांनी काही मिनिटे फर्नेस चालवतो. याचा अर्थ मी फर्नेस काढून टाकलेला नाही, आणि कोणी काढूही नये.

गॅसविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळते, तर प्रोपेन उणे ४२ अंशांना. ब्युटेनचे प्रमाण जास्त असलेला सिलिंडर कडाक्याच्या थंडीत भरलेला असूनही पुरेसा वायू देत नाही आणि माणसे रेग्युलेटरला दोष देत बसतात. हिवाळी मुक्कामाला शुद्ध प्रोपेनच न्यावा. तो हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असतो, म्हणून गळतीचा डिटेक्टर जमिनीलगत बसवतात. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा घ्यावा आणि त्याच्या पाठीवर छापलेली मुदत संपली की तो चालतो आहे असे वाटले तरी बदलावा.

पाणवठा

पाण्याच्या बाजूने थोडी भर घालतो. गोठणाऱ्या थंडीत पाण्याचा पाइप नळाला जोडून ठेवू नये. आतली टाकी भरून घ्यावी, पाइप निथळून गुंडाळून ठेवावा आणि पंपावर भागवावे. सांडपाण्याच्या टाकीचा वॉल्व्हही बंद ठेवावा, कारण तो उघडा ठेवून थेंब थेंब पाणी सोडले की बाहेरच्या नळीत बर्फाचा दट्ट्या तयार होतो. टाकी बऱ्यापैकी भरल्यावर एकदम रिकामी केलेली बरी. मैलापाण्याच्या टाकीलाही हाच नियम लागू आहे.

ट्रेलर थंडीत वापराविना उभा राहणार असेल, तर सगळे पाणी काढून, वॉटर हीटरला बायपास करून, पाइपांत प्रोपिलीन ग्लायकॉलचे गुलाबी अँटीफ्रीझ फिरवावे. गाडीच्या इंजिनात वापरले जाणारे एथिलीन ग्लायकॉल विषारी असते, ते पिण्याच्या पाण्याच्या पाइपांत कधीही घालू नये. शॉवरचा हँडल आणि बाहेरचा नळ हमखास विसरले जातात आणि नेमके तेच फुटतात.

दुपारचे_ऊन

चर्चा थंडीभोवतीच फिरते आहे, पण बारमाही म्हटले की कडक उन्हाळाही आलाच. छतावरचा १३,५०० बीटीयूचा (बीटीयू हे गार करण्याच्या क्षमतेचे माप) एअर कंडिशनर सुमारे दीड हजार वॉट घेतो. वर सांगितलेल्या १,२८० वॉट-तासांच्या एका बॅटरीवर तो सलग तासभरही चालणार नाही. म्हणून उन्हाळ्यात वीज जोडणीची जागा शोधावी, नाहीतर ऊन आत येण्यापूर्वीच अडवावे. खिडकीवरचा चकाकता पडदा आतून लावण्यापेक्षा बाहेरून लावला, तर काच आणि चौकट तापतच नाहीत. आम्ही ट्रेलर अशा रीतीने उभा करतो की ऑनिंगची (बाहेर उघडणाऱ्या कापडी छताची) बाजू दुपारनंतरच्या उन्हाकडे येते. सूर्य मावळल्यावर छताचा पंखा हवा बाहेर फेकणाऱ्या दिशेने लावतो आणि पलंगाजवळची एकच खिडकी उघडतो, म्हणजे रात्रीची गार हवा नेमकी अंगावरून जाते.

फ्रिज गॅसवर चालणारा असेल तर ट्रेलर समतल असणे अत्यावश्यक आहे, कारण त्यातील द्रव गुरुत्वाकर्षणावर फिरतो. कॉम्प्रेसरच्या १२ व्होल्ट फ्रिजला ही अट नाही, परंतु तो बॅटरीवर रोजचा भार टाकतो.

सोलर पॅनेलविषयीही लिहितो. छतावर सपाट बसवलेल्या पॅनेलकडून हिवाळ्यात फार अपेक्षा ठेवू नये. ४५ अंश अक्षांशावर वर्षातील सर्वांत लहान दिवशी सूर्य भर दुपारीही क्षितिजापासून सुमारे २२ अंशच वर येतो आणि सपाट पॅनेलला सूर्याकडे तोंड करून ठेवलेल्या पॅनेलच्या तुलनेत थेट उन्हाचा जेमतेम ३७ टक्के भाग मिळतो. म्हणून माझ्याकडे एक सुटे, उभे करता येणारे पॅनेल आहे. ट्रेलर सावलीत आणि पॅनेल उन्हात ठेवण्याची सोय उन्हाळ्यातही होते.

जुनी_धुरा

टायरचा उल्लेख अजून झाला नाही. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. टायरच्या बाजूवरील, DOT या अक्षरांनी सुरू होणाऱ्या डॉट कोडच्या शेवटच्या चार अंकांत पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, उदाहरणार्थ २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही चांगली दिसली तरी पाच वर्षांनंतर मी ते संशयाने पाहतो आणि सातव्या वर्षाच्या आत बदलतो. चाक काढून बसवल्यावर ८० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासावेत, आणि बेअरिंगना वर्षातून एकदा ग्रीस द्यावे.

पहिले_पाऊल

हा धागा दोनदा वाचला. मी येत्या आठवड्यात दहा वर्षे जुना ट्रेलर पाहायला जाणार आहे. आतून तो फार नीटनेटका दिसतो, सगळे पॅनेल नव्याने रंगवलेले आहेत. नेमके काय पाहावे?

चाकांवरचे_घर (धागाकर्ती)

नवा रंग दिसला की मी अधिक सावध होते, कारण ओलीचे डाग झाकण्याचा तो सगळ्यात सोपा मार्ग आहे. शक्य असल्यास पाऊस पडून गेल्यावर जा. आत शिरताच खिडक्या उघडण्यापूर्वी वास घ्या, मग कपाटांची दारे उघडून कोपऱ्यांचा वास घ्या. पिनांचा ओलमापक मीटर सोबत न्या आणि मालकाची परवानगी घेऊन खिडक्यांखालचे भाग, छताच्या व्हेंटभोवतीची जागा आणि चारही कोपरे तपासा. १५ टक्क्यांपर्यंतचा आकडा ठीक आहे, २० च्या वर गेला तर पाणी कुठून तरी शिरते आहे, आणि ३० च्या पुढे आतील लाकूड कुजलेले असण्याची शक्यता मोठी असते. दारापाशी आणि न्हाणीघराजवळ टाचेने जमीन दाबा, ती लवायला नको. बाहेरून भिंतीवर तळहात फिरवून फुगवटे शोधा. छतावर चढता येत असेल तर व्हेंटभोवतीच्या सीलंटला भेगा गेल्या आहेत का पाहा. आम्ही स्वतःच्या ट्रेलरचे छत वर्षातून दोनदा तपासतो, कारण केसाएवढ्या भेगेतून शिरलेले पाणी महिनोन्‌महिने दिसत नाही. आणि गादी उचलून खालचा प्लाय पाहायला विसरू नका.

पहिले_पाऊल

काल जाऊन आलो. बहुतेक ठिकाणी ११ ते १३ टक्के आकडा आला, पण समोरच्या मोठ्या खिडकीच्या डाव्या कोपऱ्याखाली मीटरने २८ दाखवले आणि तिथला नवा रंग बोटाने दाबल्यावर आत दबला. गादीखाली तुम्ही वर्णन केलेले काळपट डागही होते. मालकांना मीटर दाखवला, तेव्हा त्यांनाही ते ठाऊक नव्हते असे जाणवले, त्यांनी ट्रेलर रंग लावलेल्या अवस्थेतच घेतला होता. मी व्यवहार थांबवला आहे. ते आता समोरचे पॅनेल उघडून सांगाडा पाहणार आहेत आणि मलाही बोलावले आहे. जे दिसेल त्याची छायाचित्रे इथे टाकीन.